पान नंबर नऊ, व्हाया वसई

तुमच्या लॅपटॉपमध्ये 'कथा_फायनल' नावाची फाइल आहे? आणि तिच्या शेजारी 'कथा_फायनल_खरंच' नावाची दुसरी? दोन्ही उघडून बरेच महिने झालेत? मग आपलं जमेल. दिवसाला पन्नास मेल पाडणारी, एका रात्रीत अख्खं प्रेझेंटेशन उभं करणारी आपल्यातली कितीतरी माणसं गुपचूप कथा लिहीत असतात. काही धाडसी मंडळी तर कादंबरीसुद्धा. ही माणसं ओळखायची खूण सोपी आहे. 'सध्या काय लिहितोयस?' असं विचारलं की ती लगेच 'चहा घेणार?' म्हणतात.

माझी फाइल पान नंबर नऊवर अडली होती. दिवाळी अंकासाठीची कथा. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी कथा भर पावसात द्यावी लागते, हे ज्यांनी एकदा लिहिलंय त्यांना माहीत आहे. संपादकांनी मे महिन्यात होकार दिला होता. ऑगस्ट उजाडला. शेवटच्या फोनवर ते अतिशय शांतपणे म्हणाले, "सोमवारपर्यंत आली तर ठीक. नाहीतर त्या पानांवर दुसरं काहीतरी टाकू." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

गंमत म्हणजे या तीन महिन्यांत माझं लिखाण जोरात चालू होतं. मान्सून फूटवेअर, शेअरिंगमधल्या फ्लॅटची भांडणं, ऑफिसातल्या डब्यांची अदलाबदल. लेख वेळेवर जात होते, चेक त्यांच्या सवडीने येत होते. म्हणजे 'लिहिता येत नाही' अशी तक्रार करायचीही सोय नव्हती. अडली होती ती फक्त कथा. पंचविशीत 'मी कथा लिहिते' म्हटलं की लोक कौतुकाने बघतात. तिशी दिसायला लागली की 'अजून?' असं विचारतात. ही कथा हातची गेली असती तर तोच प्रश्न मी स्वतःला विचारायला लागले असते, आणि त्याचं काय उत्तर आलं असतं याची मला जरा भीतीच होती.

'रायटर्स ब्लॉक' हा शब्द आपण हल्ली ॲसिडिटी म्हणावं इतक्या सहज वापरतो. तो रुजवला एडमंड बर्गलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने, १९४० च्या दशकात. मूळचा व्हिएन्नाकडचा, नंतर न्यूयॉर्कला स्थायिक झालेला माणूस. त्याच्या मते लेखक अडतो याचं मूळ तान्हेपणात, दूध न देणाऱ्या आईबद्दलच्या रागात असतं. म्हणजे खापर शेवटी आईवरच! माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणेल, "आधी तो मोबाइल बाजूला ठेव."

ब्लॉकवर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे जागा बदलणे. हल्ली डोंगरात रायटिंग रिट्रीट असतात, चार रात्रींचं पॅकेज, हर्बल टीसकट. त्या पैशात माझं महिन्याचं भाडं निघतं. त्यामुळे मी दोन वडापावांच्या किमतीत बसेल असं रिट्रीट शोधलं. चर्चगेट ते वसई रोड, सेकंड क्लास, रिटर्न. मुक्काम माणिकपूरला मावशीकडे.

वसईच का? कारण कथा तिथलीच होती. १७३९ चा मे महिना. चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतलाय, आणि त्यानंतरच्या आठवड्यात एका वसईकर मुलीच्या घरात काय घडतं, अशी ती गोष्ट. मी त्यासाठी भरपूर वाचलं होतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांना वसई कशी मिळाली इथपासून ते १८०२ च्या वसईच्या तहापर्यंत. नऊ पानांत एकही तपशील चुकीचा नव्हता. आणि त्या नऊ पानांत कुणी श्वासही घेत नव्हतं.

शनिवारी सकाळी उलट्या दिशेने निघाले. हे वसई ट्रिपचं खरं सुख आहे. समोरून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्यांना माणसं लटकलेली, आणि आपल्या डब्यात चक्क खिडकी! पन्नासेक किलोमीटरचा, तासाच्या वरचा निवांत प्रवास. समोरच्या बाईंनी गवार निवडायला घेतली होती. रोज या मार्गावरून ये-जा करणाऱ्या बायका डब्यात भाजी निवडतात, हळदीकुंकू करतात, वाढदिवस साजरे करतात, पण मला त्यांच्यातली एक तरी कथा लिहिताना सापडावी असं फार वाटतं. अशक्य काहीच नाही त्यात. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरीला होता. कामासाठी सतत रेल्वेने हिंडायचा. त्याने एक छोटी पाटी बनवून घेतली आणि गाडीत पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. 'बार्चेस्टर टॉवर्स'चा बराचसा भाग असा डब्यात लिहिलाय. घरी आल्यावर बायको ते स्वच्छ उतरवून काढायची. (आपल्याला बायको नाही, पण नोट्स ॲप आहे.) घरी असताना पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द. मग ऑफिस. अशा ४७ कादंबऱ्या. आपल्याकडे व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट होते आणि नोकरी करतच कथा लिहीत होते. त्यामुळे 'जॉबमुळे वेळ मिळत नाही' हे कारण बॉसला सांगायला ठीक आहे, एकमेकांना नको सांगूया.

मीरा रोड गेलं, भाईंदर गेलं, आणि खाडीचा पूल आला. या पुलावर गाडी आली की डब्यातला आवाज बदलतो, वारा बदलतो, गवारवाल्या बाईंनीही मान वर करून पाणी बघितलं. पुलापलीकडे नायगाव, मग वसई रोड.

स्टेशनबाहेरची वसई तुमच्या-माझ्या उपनगरासारखीच आहे. मोबाइलची दुकानं, क्लासेसचे बोर्ड, टॉवर. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर अशा चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून महापालिका झाली. त्यावेळी कित्येक गावांनी 'आम्हाला यात घेऊ नका' म्हणून मोठं आंदोलन केलं होतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. पण पश्चिमेला रिक्षा वसईगावाच्या रस्त्याला लागली की वीसेक मिनिटांत पिक्चर बदलतो. केळीच्या बागा, उतरत्या कौलांची घरं, कोपऱ्यावर क्रूस, पुढच्या वळणावर देऊळ. बाजारात सुकेळी दिसली, राजेळी केळी वाळवून केलेली, पानात गुंडाळलेली. घ्याच. खजुराच्या तोंडात मारेल अशी गोडी असते.

आणि मग किल्ला. तीन बाजूंनी पाणी आणि आत एक अख्खं शहर मरून पडलेलं. पावसाळ्यात इथे काळ्या दगडावर इतकं हिरवं चढतं की फोटो काढला तर कुणी फिल्टर लावलाय म्हणेल. हिंदी सिनेमावाल्यांनी हा किल्ला यथेच्छ वापरलाय, २०१६ मध्ये कोल्डप्लेच्या व्हिडिओतही तो झळकला. मी गेले तेव्हा दोन प्री-वेडिंग शूट चालू होती. एका नवरदेवाला फोटोग्राफर सांगत होता, "सर, खंडहराकडे बघा, पण रोमँटिक बघा."

मी एका पडक्या चर्चमध्ये कमानीखाली वही उघडून बसले आणि अर्ध्या तासात एक ओळ लिहिली नाही. किल्ला फार मोठा आहे हो! चिमाजीअप्पांची गोष्ट तर सगळ्यांनी सांगून झालीये. किल्ला पडत नाही म्हटल्यावर 'मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझं डोकं तरी आत पडू दे' असं ते म्हणाल्याची आख्यायिका शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. शिवाय इथेच जन्मलेला गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई वसईची, पोरगा जपानात व्यापार करतो, नंतर फ्रान्सिस्कन ब्रदर होतो, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारला जातो आणि १८६२ मध्ये संत ठरतो. एवढ्या एका आयुष्यापुढे माझ्या काल्पनिक मुलीने काय बोलावं?

'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या रॉबर्ट पिर्सिगच्या १९७४ च्या पुस्तकात एक प्रसंग आहे. कॉलेजातल्या एका मुलीला अमेरिकेवर निबंध लिहायचा असतो आणि काही सुचत नाही. सर म्हणतात, आपल्या गावावर लिही. नाही सुचत. मेन रोडवर लिही. तरी नाही. मग ते वैतागून म्हणतात, त्या रस्त्यावरच्या ऑपेरा हाउसच्या दर्शनी भिंतीवर लिही, वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या विटेपासून सुरुवात कर. मुलगी समोरच्या हॉटेलात जाऊन बसते आणि पाच हजार शब्द लिहून आणते. ही गोष्ट मला पाठ आहे, कारण लेख अडला की मी हेच करते. कथेला ते कधी लावून बघितलं नव्हतं. म्हटलं, वीट शोधूया.

वीट मिळाली ती सेंट जोसेफ कॅथेड्रलच्या मनोऱ्यात. खरं म्हणजे वीट नाहीच, रिकामी जागा. मनोरा आहे, वर जाणारा गोल जिना आहे, घंटा नाही. वसईच्या विजयानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना दिल्या. नाशिकला गोदेकाठी नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला आजही अशा पोर्तुगीज घंटा बघायला मिळतात. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि खाली कृष्णेचा घाट! आणि माझं पान नंबर नऊ नेमकं इथेच अडलेलं होतं. वहीत शेवटचं वाक्य होतं: 'त्यानंतर चर्चमधील घंटा उतरवण्यात आल्या.'

त्या वाक्याकडे मी मनोऱ्याखाली उभी राहून बराच वेळ बघत होते. व्याकरण ठीक. इतिहास ठीक. 'उतरवण्यात आल्या.' कुणी उतरवल्या? बातमीत हे चालतं. रस्ता बंद करण्यात आला, चौकशी सुरू करण्यात आली, नागरिकांना आवाहन करण्यात आलं. माणूस कुठेच नाही. मास कॉमला आम्हाला पहिल्या सेमिस्टरपासून एकच भीती घातली जाते, सोर्स काय? ज्याचा सोर्स नाही ते लिहायचं नाही. उत्तम सवय आहे, पेपरातल्या माणसाची अब्रू तिच्यावर टिकते. पण घंटा कशी उतरवली, दोर कुणाचे होते, आधी वर कोण चढलं, हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. आणि सोर्स नाही म्हणून मी तीन महिने दारात उभी होते.

किल्ल्याला लागूनच किल्लाबंदर आणि पाचूबंदर, कोळ्यांची गावं. पावसाळ्यामुळे बऱ्याच होड्या ओढून वर ठेवलेल्या. एक काका पडवीत जाळं विणत बसले होते. आता आले आहेच तर विचारू म्हटलं. "काका, त्या मनोऱ्यावर मोठी पितळी घंटा असती आणि ती खाली आणायची असती, तर तुम्ही कशी आणली असती?"

ते हसतील असं वाटलं होतं. नाही हसले. हातातली सुई थांबवून त्यांनी विचारलं, "वजन किती?"

मी म्हटलं, माहीत नाही, पण चार-पाच माणसांना हलणार नाही एवढी धरा. त्यांनी थोडा वेळ मनोऱ्याच्या दिशेने बघितलं. मग सुरू झाले. आधी खाली वाळू टाकीन, म्हणाले, चांगली कमरेएवढी, म्हणजे सुटली तरी फुटायची नाही. लोलक आधी काढून घ्यायचा, नाहीतर खाली येईपर्यंत बोंबलत येईल आणि माणसं बिचकतील. दोर कोरडा नको, भिजवलेला. वर दोनच माणसं, तीही हलकी. बाकीची खाली. आणि ओरडणारा एकच पाहिजे, "दोघं ओरडले की एक मरतो, बाय." मग जरा थांबून म्हणाले, "आणि वरती जो चढंल ना, त्यानं ती घंटा लहानपणापासून ऐकलेली नसावी. हात चालायचा नाही त्याचा."

मी तिथेच होडीला टेकून लिहायला लागले. घंटा कशी उतरली ते या काकांनाही माहीत नाही, त्यांनी तसा दावाही केला नाही. ते एवढंच सांगत होते की आपण काय केलं असतं. मला आत जायला तेवढी फट पुरली. माझ्या कथेतली मुलगी आता खाली वाळूच्या ढिगाजवळ उभी होती आणि वर चढणाऱ्या दोघांतला एक तिचा भाऊ होता. ज्याने ती घंटा लहानपणापासून ऐकलेली आहे, असाच.

संध्याकाळपर्यंत चार पानं झाली. माणिकपूरला पोहोचले तर मावशी म्हणाली, "जेवून घे, मग रात्रभर लिही." पण रात्री मी मुद्दाम लिहिलं नाही, आणि याचं श्रेय हेमिंग्वेला. त्याचा नियम होता की विहीर पूर्ण उपसायची नाही. पुढे काय होणार हे माहीत असताना थांबायचं, रात्रीत झऱ्यांनी ती पुन्हा भरते. हा नियम मला आधीही माहीत होता, पण वाचून माहीत असणं वेगळं. रविवारी सकाळी मावशी मला भुईगावला तिच्या ओळखीच्या वाडीत भाजी आणायला घेऊन गेली. तिथे बावखल बघितलं. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधली गोड्या पाण्याची खोदलेली तळी. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोड. पूर्वी यांच्यावर रहाट चालायचे, त्यावर इथली केळी, पानवेली, फुलबागा आणि भाज्या पिकायच्या. वाडीतले आजोबा सांगत होते की रहाट सकाळी चालवायचा आणि पाणी तळाला जायच्या आत बैल सोडायचे. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. हाव केली तर खारं लागतं. वसईत आता बरीच बावखलं बुजवून त्यांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्यात, आणि पावसाचं पाणी जायला जागा नाही म्हणून त्याच बिल्डिंगींच्या खाली गुडघाभर पाणी साचतं. त्यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा. सोर्ससकट!

मराठीत अडण्याच्या, थांबण्याच्या गोष्टी काही कमी नाहीत. भालचंद्र नेमाडेंनी पंचविशीत, १९६३ मध्ये, मुंबईतून गावी परतून 'कोसला' पंधरवड्यात लिहिली असं सांगतात. त्याच नेमाडेंची 'झूल' १९७९ ला आली आणि 'हिंदू' २०१० ला. मधली ३१ वर्षं वाचक 'हिंदू कधी?' विचारत राहिले. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' १९७४ ची. पुढची 'रावण अँड एडी' त्यांनी सुरू केली मराठीत, ती तशीच पडून राहिली आणि वीसेक वर्षांनी पूर्ण झाली ती इंग्रजीत. मला यातलं नगरकरांचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. कारण गोष्ट तीच, माणसं तीच, मुंबईतली चाळ तीच, फक्त कुठल्या भाषेतून जायचं ते दार बदललं. माझ्या बाबतीत मराठीतून मराठीतच जायचं होतं, 'उतरवण्यात आली'मधून 'वजन किती?'मध्ये. नेमाडेंच्या मौनाचा आधार मात्र आपण घेऊ नये. सोमवारची डेडलाइन असलेल्या माणसाला ३१ वर्षं परवडत नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर दोन-चार गोष्टी. सकाळी लवकर निघा, उलट्या दिशेची खिडकी मिळते. संध्याकाळी उशिरा परतू नका, किल्ला अंधारात एकट्यादुकट्याने फिरायची जागा नाही. पावसाळ्यात शेवाळं भयंकर, सँडल घरीच ठेवा. मनोऱ्याच्या जिन्यावर हिरोगिरी नको. गाडी घेऊन जाणाऱ्यांना २०२४ पासून भाईंदरहून रो-रो बोटीचाही पर्याय आहे, घोडबंदरचा फेरा वाचतो. आणि कोळीवाड्यात फोटो काढण्याआधी विचारा, लोकांची घरं आहेत ती, सेट नव्हे.

रविवारी दुपारी परतीच्या लोकलमध्ये ट्रोलपसारखी मांडीवर वही घेतली. अक्षर असं आलं की सोमवारी ते मलाच लावता येईना. तरी सोमवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चौदा पानं मेल केली. पहिल्या नऊतली फक्त दोन उरली होती.

बुधवारी संपादकांचा फोन आला. कथा घेतली की नाही, ते सांगायच्या आधी त्यांनी घसा खाकरला.

"एक विचारायचं होतं. वजन किती होतं हो त्या घंटेचं?"

"सात गड्यांचं," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला.